बर्नर अस्सल, काच नक्कल : जुने अमेरिकन लॅम्प घेणाऱ्यांसाठी

मला ज्याने गंडवलं तो फारसं खोटं बोललाच नाही, हीच त्याची खुबी.

ओहायोतल्या एका अँटिक मॉलमध्ये साच्यात दाबून केलेल्या पांढऱ्या काचेचा रॉकेलचा लॅम्प होता. चिठ्ठीवर 'सँडविच, 1870च्या सुमारास' (सँडविच हे काचकामाचं एक गाव), किंमत 240 डॉलर. बर्नरवर, म्हणजे वात धरणाऱ्या भागावर, वात वर-खाली करायची पितळी चकती आणि तिच्यावर पेटंटची तारीख. विक्रेत्याने स्वतः भिंग पुढे करून ती मला वाचायला लावली.

तारीख खरी, बर्नरही खरा. पण बर्नर आट्यांवर बसतो, फिरवला की निघतो. एका मापाचा बर्नर कितीतरी लॅम्पना चालतो आणि सुटा विकतही मिळतो. शिवाय ती तारीख पेटंट मिळाल्याची; माल त्यानंतर वर्षानुवर्षं बनत राहतो.

घरी यूव्ही टॉर्च मारला. टाकीच्या तोंडाला जे पितळी कडं असतं, ते जुन्या लॅम्पवर बहुधा प्लास्टर ऑफ पॅरिसने बसवलेलं असतं. कडेला मळकट, भुरभुरीत दिसतं. इथे कड्याखाली निळसर पांढरी रेघ लख्ख चमकली. आजकालचा गोंद! नुसतं कडं पुन्हा चिकटवलं असेल म्हणून लॅम्प उलटा करून बूड भिंगाखाली धरलं. वर्षानुवर्षं टेबलावर सरकलेल्या काचेचे ओरखडे वेडेवाकडे असतात, कुठे दाट, कुठे विरळ, आणि जिथे काच टेकते तिथेच. इथे सगळे एका दिशेने, कवायतीला उभे केल्यासारखे. जिथे काच टेकतच नाही, तिथेसुद्धा. पॉलिश पेपरचं काम.

आणि ते 'सँडविच'! मॅसॅच्युसेट्समधल्या त्या गावचा काचकारखाना 1825ला निघाला, 1888ला बंद पडला. विक्रेत्यांच्या तोंडी मात्र प्रत्येक जुनी काच तिथलीच. मग पिट्सबर्ग आणि व्हीलिंगचे कारखाने काय गोट्या खेळत होते? शिसं न घालता स्वस्तात चांगली काच करायची रीत 1864ला व्हीलिंगलाच जमली आणि तिकडे लॅम्प ढिगाने बनले.

परत करायला गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी पावतीवर बोट ठेवलं : 'ऑइल लॅम्प, 1 नग. ऑल सेल्स फायनल.' साल नाही, सँडविच नाही. चिठ्ठी विक्रेत्याने गुंडाळताना काढून घेतली होती. फोनवर तो म्हणाला, "सर, मी 'सुमारास' लिहिलं होतं."

तेव्हा पैसे देण्याआधी बर्नर काढायला लावा, कडं बघा, बूड बघा. चिठ्ठीचा फोटो काढा. पावतीवर साल, कारखाना आणि 'नक्कल निघाल्यास पैसे परत' असं लिहून घ्या. ज्याचा माल खरा असतो तो कुरकुर न करता लिहून देतो. पेनसिल्व्हेनियातल्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याने तर मला, न विचारता, कडं नंतर बसवलेलं आहे हेसुद्धा लिहून दिलं.