दुकानाच्या जाहिरातीसाठी स्वतंत्र कलावंताचे गाणे : सोलापुरातील एका स्टुडिओच्या सेवेचे परीक्षण

सोलापुरात चादरी-टॉवेलच्या दुकानाची जाहिरात कशी असणार, हे ती लागण्याआधीच ठाऊक असते. गाजलेल्या चित्रपटगीताची चाल, तिच्यावर बसवलेले दुकानाचे नाव, मागे ढोलकीचा ठेका आणि शेवटी तारस्वरात "आजच भेट द्या" म्हणणारा निवेदक. स्थानिक केबलवर, रिक्षाच्या भोंग्यावर आणि गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास हाच मामला चालतो. आमच्या कुटुंबाच्या दुकानासाठी थंडीच्या हंगामापूर्वी ३० सेकंदांची जाहिरात करायचे ठरले, तेव्हा शहरातील एका ध्वनिमुद्रण स्टुडिओने वेगळा पर्याय पुढे ठेवला. चित्रपटाबाहेर राहून स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या एखाद्या कलावंताचे तयार गाणे रीतसर परवान्याने घ्यायचे आणि जाहिरात त्याभोवती बांधायची, असा तो पर्याय होता. गाणे शोधणे, परवाना मिळवून देणे, ३० सेकंदांत ते कापून बसवणे आणि निवेदन मिसळून पक्का ट्रॅक हाती देणे, इतके सगळे या सेवेत येते. स्टुडिओचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि माझा रोख एका स्टुडिओवर नसून या प्रकारच्या सेवेवर आहे.

ही पद्धत मोठ्या कंपन्यांनी केव्हाच रुळवली आहे. फोक्सवॅगनने १९९९ मध्ये कॅब्रिओ या मोटारीच्या जाहिरातीत निक ड्रेक या इंग्लिश गायकाचे 'पिंक मून' हे १९७२ मधले गाणे वापरले. ड्रेक १९७४ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी वारला होता आणि हयातीत त्याच्या तबकड्या फारशा खपल्या नव्हत्या. चार तरुण रात्री उघड्या मोटारीतून पार्टीला निघतात आणि दाराशी पोहोचल्यावर आतला गोंगाट पाहून तसेच माघारी फिरतात, एवढीच त्या जाहिरातीची गोष्ट. बाकी सारा भार गाण्यावर. त्यानंतर 'पिंक मून' याच नावाच्या त्याच्या जुन्या संग्रहाची विक्री कित्येक पटींनी वाढली. त्याच वर्षी आलेल्या मोबी या अमेरिकन संगीतकाराच्या 'प्ले' या संग्रहातील सर्वच्या सर्व १८ गाण्यांना जाहिराती, चित्रपट आणि मालिकांसाठी परवाने दिले गेले. सोनीने २००५ मध्ये ब्राव्हिया दूरचित्रवाणी संचासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवरून अडीच लाख रंगीत चेंडू सोडले, तेव्हा त्या धुमाकुळामागे होजे गोन्झालेझ या स्वीडिश गायकाचा शांत आवाज आणि गिटार एवढेच होते. आपल्याकडे टायटनने मोत्सार्टच्या २५व्या सिंफनीचा आधार घेतला आणि एअरटेलने २००२ मध्ये ए. आर. रहमान यांच्याकडून खास धून करून घेतली. अभिजात संगीत किंवा बांधून घेतलेली धून हे दोन रस्ते आपल्याला जुने आहेत. अनोळखी गायकाचे तयार गाणे उचलून आणणे हा तिसरा रस्ता त्यामानाने नवा.

असे गाणे जाहिरातीत का चालते, याचे माझ्यापुरते उत्तर सोपे आहे. गाजलेले चित्रपटगीत एकटे येत नाही, ते आपला नायक, नायिका आणि पडद्यावरचा पाऊस सोबत घेऊन येते. मग लक्षात राहतो तो चित्रपट, आणि चादर कोणाची होती हे कोणालाच आठवत नाही. अनोळखी गाण्याला असा पूर्वेतिहास नसतो, त्यामुळे ते ज्या दृश्यासोबत प्रथम ऐकू येते त्या दृश्याचेच होऊन बसते.

स्टुडिओने ऐकवलेल्या नमुन्यांपैकी पहिला उकुलेले (छोटी चारतारी गिटार), शीळ, टाळ्या आणि मधूनमधून "हे-हो" अशा थाटाचा होता. तयार संगीत अनेकांना विकणाऱ्या कोणत्याशा संगीतसंग्रहातून घेतलेला हा माल बँक, बाळाचे तेल आणि बिल्डर अशा तिघांच्याही जाहिरातींत सारखाच खपतो, आणि परवाना एकट्या आपल्यासाठी नसल्याने तो उद्या समोरच्या दुकानाच्या जाहिरातीतही वाजू शकतो. याला स्वतंत्र संगीत म्हणणे मला जड जाते. हा साचा आहे आणि स्टुडिओने तो सर्वांत आधी ऐकवावा, याचे नवल वाटले. दुसरा नमुना विजेच्या गिटारींचा, हळूहळू भरत जाणारा आणि खरोखर सुंदर होता. परंतु तो फुलायलाच मिनिटभर घेत होता आणि आमच्याकडे त्याच्या निम्मा वेळ होता. तिसरे गाणे मराठी होते. पुण्यातील एका गायिकेने स्वतः लिहिलेले, साध्या गिटारवर गायलेले आणि थंडीतल्या पहाटेचे वर्णन करणारे. त्यात चादरीचा उल्लेख नव्हता, म्हणूनच ते आम्हाला पटले.

कापणीचे काम हा या सेवेचा सर्वांत उजवा भाग आहे. गाण्याची लय मिनिटाला ८० ठोक्यांची होती, म्हणजे चार ठोक्यांचे एक आवर्तन बरोबर तीन सेकंदांत पुरे होते आणि ३० सेकंदांत नेमकी दहा आवर्तने बसतात. स्टुडिओतील तंत्रज्ञाने हा हिशेब प्रथम कागदावर मांडला आणि मगच संगणकाला हात लावला. चादरीची घडी उघडून मोराची नक्षी समोर येण्याचे दृश्य त्याने पाचव्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर आणून ठेवले, आणि ते इतके चपखल बसले की गाणे या दृश्यासाठीच केले असावे, असे वाटावे. एका ठिकाणी मात्र ओळ सुरू होण्याआधीचा गायिकेचा श्वास कापला गेल्याने आवाज उचकी लागल्यासारखा येत होता. आम्ही सांगण्यापूर्वीच तंत्रज्ञाने ते हेरले, गायिकेकडून आवाजाचा आणि गिटारचा ट्रॅक वेगवेगळा मागवला आणि तो श्वास जागच्या जागी परत आणला. हे वेगळे ट्रॅक पुढेही कामी आले, कारण निवेदन सुरू होताच गायन काढून खाली नुसती गिटार ठेवता आली. बड्या कंपनीच्या मालकीच्या चित्रपटगीताबाबत आमच्याएवढ्या गिऱ्हाइकासाठी अशी सोय कोणी करून देईल, अशी आशा करणे व्यर्थ आहे.

पहिल्या आवृत्तीत दहाही आवर्तने गायनाची होती आणि दुकानाचे नाव शेवटच्या दोन सेकंदांत केवळ अक्षरांत येत होते. दुकानातील जुन्या दिवाणजींनी ती पाहिली आणि म्हणाले, "मालक, गाणं लई ग्वाड हाय, पण आपलं दुकान कुठं हाय ह्याच्यात?" स्टुडिओचा सूर असा होता की अशा जाहिरातीत नाव जितके कमी, तितकी ती उच्च दर्जाची. फोक्सवॅगनला हे परवडते, कारण त्यांची मोटार पडद्यावर दिसतेच आणि तिचे बोधचिन्ह जग ओळखते. सोलापुरात चादरीची दुकाने इतकी आहेत की नाव न घेणारी जाहिरात ही शेजाऱ्याचीही जाहिरात ठरते. बरीच ओढाताण झाल्यावर सहा आवर्तने गायनाची, तीन निवेदनाची आणि दहावे पुन्हा गाण्याच्या शेवटच्या शब्दांचे, अशी वाटणी ठरली. निवेदकाला चढ्या पट्टीत न बोलण्याची सूचना स्टुडिओनेच दिली, आणि ती योग्य होती.

तक्रार आहे ती आवाजाच्या अंतिम मिश्रणाबद्दल. स्टुडिओतील महागड्या स्पीकरवर कानाशी कुजबुजल्यासारखा वाटणारा तो आवाज केबलवर, मंगल कार्यालयाच्या आणि शिकवणीवर्गाच्या दणदणीत जाहिरातींच्या मधे लागला, तेव्हा जवळजवळ नाहीसा झाला. घरात पंखा चालू, स्वयंपाकघरात शेंगाचटणीसाठी मिक्सर फिरत असलेला. अशा वेळी गायिकेचे निम्मे शब्द ऐकू येत नव्हते, आणि गिटारचे खर्जातले स्वर तर साध्या टीव्हीच्या आणि मोबाइलच्या लहानशा स्पीकरमधून मुळात बाहेरच पडत नाहीत. स्वतंत्र कलावंत आपले गाणे हेडफोन लावून एकाग्रतेने ऐकणाऱ्यासाठी करतो, आणि त्यातील हळू-मोठ्याची चढउतार हीच त्याची खुमारी असते. दूरचित्रवाणीसाठी ती चढउतार दाबून शब्द ऐकू येतात तो आवाजाचा पट्टा वर उचलावा लागतो. हे काम स्टुडिओने आपणहून करायला हवे होते आणि ट्रॅक हाती देण्यापूर्वी तो साध्या टीव्हीवर लावून पाहायला हवा होता. आमच्या सांगण्यावरून फेरमिश्रण झाले, फरकही चांगला पडला, परंतु त्याचे वेगळे पैसे लावले गेले, ते मला मान्य नाही.

आता परवान्याविषयी, कारण या सेवेत आपण खरे पैसे त्याचेच मोजतो. कोणत्याही ध्वनिमुद्रित गाण्यात दोन निराळे हक्क असतात: एक शब्द आणि चाल यांचा, दुसरा त्या विशिष्ट मुद्रणाचा. मोत्सार्ट १७९१ मध्ये वारला, त्यामुळे त्याची रचना कोणालाही मोकळी आहे, पण एखाद्या वाद्यवृंदाने अलीकडे केलेले तिचे मुद्रण मोकळे नाही. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचनेचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि मुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षे टिकतो. चित्रपटगीत घ्यायचे तर संगीतकंपनीचे दार ठोठवावे लागते, आणि आमच्यासारख्या दुकानाच्या पत्राला तेथून उत्तर येईल की नाही, इथपासून प्रश्न असतो. स्वतः लिहून, गाऊन, स्वतःच्या खर्चाने मुद्रण करणाऱ्या कलावंताकडे बहुधा दोन्ही हक्क एकाच हाती असतात. एक फोन, एक करारपत्र, एक सही. स्वतंत्र संगीत लहान जाहिरातदाराला सोयीचे पडते ते मुख्यतः यामुळे. त्याच्या हळुवारपणाचे कौतुक नंतरचे. कलावंत आयपीआरएस या, गीतकार-संगीतकारांच्या वतीने हक्कशुल्क गोळा करणाऱ्या संस्थेचा सदस्य असल्यास प्रसारणाच्या हक्काचा काही भाग त्या संस्थेकडे गेलेला असतो, म्हणून हा प्रश्न सहीपूर्वीच विचारून घ्यावा. आमच्या स्टुडिओने तो न सांगता विचारला होता.

करारपत्राचा मसुदा मात्र प्रथम अर्धाच होता. त्यात गाण्याचे नाव, रक्कम आणि "जाहिरातीसाठी वापर" एवढेच लिहिलेले होते. कायद्यानुसार असा परवाना लेखी लागतो; मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. ऐकायला हे आपल्या फायद्याचे वाटते, पण माध्यम कोणते, गाण्याचा कोणता तुकडा, शब्द गाळता येतील काय, हे प्रश्न त्याने सुटत नाहीत. केबल, चित्रपटगृह, यूट्यूब आणि व्हॉट्सअॅप ही चारही नावे आम्ही स्वतंत्रपणे घालून घेतली. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा गाण्याचा ठसा जुळला की व्हिडिओवर मालकी हक्काचा दावा लावते. वापरणाऱ्याच्या खिशात परवाना आहे की नाही, हे तिला कळायचा मार्ग नसतो. म्हणून गायिकेची गाणी यूट्यूबसारख्या ठिकाणी पोहोचवणाऱ्या वितरकाकडे आमच्या चॅनेलचे नाव आधीच नोंदवून ठेवण्याची दक्षता स्टुडिओने घेतली, आणि त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत.

याच स्टुडिओच्या दरपत्रकात आणखी एक स्वस्त पर्याय आहे: आवडलेल्या गाण्याच्या "धाटणीचे" दुसरे गाणे तयार करून घेणे. कोणीही तो निवडू नये. अमेरिकेत डोरिटोस चिप्सच्या १९८८ मधील रेडिओ जाहिरातीसाठी टॉम वेट्स या गायकाच्या खरखरीत आवाजाची नक्कल करणारा गायक वापरला गेला होता. वेट्स जाहिरातींसाठी गाण्यास कायम नकार देत आला होता. तो न्यायालयात गेला, जिंकला आणि १९९२ मध्ये अपिलातही भरपाईचा मुख्य निर्णय त्याच्याच बाजूने राहिला. आपल्याकडे प्रकरण इतक्या थराला जाणार नाही असे मानले, तरी ज्या गायिकेचे मूळ गाणे बेताच्या रकमेत आणि आनंदाने मिळते, तिची नक्कल करवून घेण्यात कसली काटकसर आली?

शुल्काचा आकडा प्रत्येक गाण्यागणिक वेगळा असल्याने तो येथे देण्यात अर्थ नाही. मुदत, माध्यमे, प्रदेश आणि एकट्यासाठीचा हक्क या चार गोष्टींवर तो ठरतो. आमच्या खर्चात परवान्याचा वाटा चित्रीकरणापेक्षा कमी होता. मात्र बिलात परवान्याची रक्कम आणि स्टुडिओची मजुरी एकाच ओळीत घातलेली होती. गायिकेला त्यातले किती पोहोचले, हे विचारल्यावर कळले. ते न विचारता दिसायला हवे. ज्यांची जाहिरात हंगामभर चालणार आहे आणि ज्यांच्या मालात दाखवण्यासारखे काही आहे, अशा दुकानदारांनी ही सेवा जरूर घ्यावी, फेरमिश्रणाचा खर्च आधीच ठरवून घ्यावा आणि साध्या टीव्हीवर ऐकल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊ नये. तीन दिवसांच्या सेलसाठी मात्र या भानगडीत पडू नये. त्याला रिक्षा आणि भोंगा पुरेसा आहे.