बर्गंडीची ग्रॅव्हल सायकल टूर: तासगावच्या एका बागायतदाराचं मत

फ्रान्सच्या बर्गंडी भागातली ग्रॅव्हल सायकलची, म्हणजे खडीच्या नि कच्च्या वाटांवर चालणाऱ्या सायकलची, टूर घ्यावी का, असं सांगली-मिरजेचे बरेच सायकलवाले मला विचारतायत. माझं मत सरळ आहे. जरूर घ्या. सायकल, नकाशा आणि बॅग पोचवायची सोय कंपनीची घ्या, जेवणाचं पॅकेज मात्र घेऊ नका.

या टूरमध्ये बरोबर गाइड नसतो. कंपनी भाड्याने सायकल देते, रोजच्या रस्त्याची जीपीएक्स फाइल (मोबाइलवर वाट दाखवणारा नकाशा) देते, मुक्काम ठरवते आणि तुमची बॅग गाडीने पुढच्या गावी नेऊन ठेवते. मी आणि मिरजेचा माझा मावसभाऊ, दोघांनी आठवडाभराची टूर घेतली. दिजाँहून निघून द्राक्षपट्ट्यातून बोन, तिथून टेकड्या चढून शातोनफ, फ्लाविन्यी, स्म्यूर, मग मोरवाँचं जंगल आणि शेवटी वेझले. पॅरिसहून दिजाँला टीजीव्ही या वेगवान रेल्वेने साधारण दीड तास लागतो. सप्टेंबर निवडला, कारण द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की आम्हाला बाग सोडता येत नाही, आणि सप्टेंबरात तिकडे तोडणी चालू असते.

सायकल उत्तम होती. ॲल्युमिनियमची फ्रेम, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे पेडलपाशी एकच दातेरी चक्र (चेनरिंग) आणि 40 मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर. आपल्या कॅनॉलच्या मुरमावर, पाणंदीतून किंवा दांडोबाच्या डोंगरातल्या कच्च्या वाटेवर ज्यांनी रोडबाइकचे बारीक टायर घालून बघितलेत, त्यांना या टायरची किंमत लगेच कळेल. हवा कमी ठेवली की खडीवर हात बधिर होत नाहीत. एक गोष्ट दुकानातच तपासा. तिकडे पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडे बहुधा उजव्या. पहिल्या उतारावर हात आपोआप जुन्या सवयीने चालतो. सांगितलं तर ते अदलाबदल करून देतात. आमच्या मेकॅनिकने ते न कुरकुरता करून दिलं, शिवाय खोगिराची उंची दोनदा बसवून बघितली.

आता बागांबद्दल, कारण मी गेलो होतो मुख्यतः त्यासाठी. दिजाँ ते बोनच्या पुढे हा पट्टा डोंगराच्या पूर्वेकडच्या उतारावर पसरलाय. इथल्या 1,247 लहान-मोठ्या तुकड्यांची प्रत्येकाची वेगळी नोंद आहे, आणि 2015 साली हा सगळा प्रदेश युनेस्कोच्या वारसायादीत गेला. मोठ्या रस्त्याने मोटारीतून हे नुसतं हिरवं दिसतं. ग्रॅव्हल सायकलवर तुम्ही ओळींच्या मधल्या पांढऱ्या चुनखडीच्या वाटेने जाता आणि वाटेल तिथे पाय टेकता.

आपल्याकडे वेल मांडवावर किंवा वाय आकाराच्या आधारावर, झाडं नऊ बाय पाच फुटांवर, म्हणजे एकरी हजाराच्या आत. तिथे झाड मीटरभर अंतरावर, ओळही मीटरभर अंतरावर. हेक्टरी 10,000, म्हणजे एकरी चार हजार. घड गुडघ्याच्या उंचीवर. बहुतेक ठिकाणी एकच मालकाडी (घड येणारी काडी) खालच्या तारेला आडवी बांधलेली आणि तिच्यावर मोजके घड. आम्ही एका झाडावर पस्तीस-चाळीस धरतो. एवढ्या अरुंद ओळीत ट्रॅक्टर शिरत नाही म्हणून ट्रॅक्टरच उंच असतो, ओळ त्याच्या दोन चाकांच्या मधून जाते. मावसभाऊ बराच वेळ जमिनीकडे बघत चालला होता. म्हणाला, "दादा, हितं ठिबकची नळीच न्हाई कुठं." खरंच नव्हती. वर्षभर अधूनमधून पाऊस आणि ओल धरणारी चुनखडीची चिकणमाती, त्यावर बाग उभी.

एका ओळीपाशी खाली बसून खोड बघितलं. जमिनीच्या जरा वर कलमाचा सांधा, गाठ आलेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा किडीने फ्रान्समधल्या मुळ्या खाऊन टाकल्या, तेव्हापासून तिथली द्राक्षं अमेरिकन खुंटावर आहेत. आम्ही वापरतो तो डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकनच. पानांवर मोरचुदाचे निळसर डाग वाळलेले. डाऊनी या बुरशीच्या रोगावर चालणारं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी 1885 साली जगापुढे मांडलं, आणि तेच आम्ही आजही पंपात भरतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिथे त्या पानाला हात लावल्यावर जे वाटलं, त्यासाठी विमानाचं तिकीट वसूल झालं.

तोडणीच्या दिवसांत वाटेवर मजूर, क्रेट आणि ट्रॅक्टर असतात. त्यांना आधी जाऊ द्या. आमच्या जीपीएक्सने एकदा सरळ खासगी ओळीत नेलं, पाटी बघून मागे फिरावं लागलं. ही चूक कंपनीने सुधारायला हवी, कारण परक्याच्या बागेत तोडणीत सायकल घालणं मला स्वतःला चालणार नाही.

बोनच्या पुढे चढ सुरू होतो. दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर ऐकायला सोपे वाटतात, पण खडीवर हजार मीटर चढ त्यात असतो. रोज सागरेश्वरचा चढ करणाऱ्याला जमेल, नुसतं कृष्णाकाठच्या सपाटीवर चालवणाऱ्याला जड जाईल. शातोनफचा किल्ला बर्गंडी कालव्याच्या वर टेकडीवर बसलाय, शेवटचा चढ दम काढतो. फ्लाविन्यीत अनीसच्या, म्हणजे बडीशेपेसारख्या दाण्याच्या, गोळ्या मिळतात. आतला दाणा तेवढा अनीसचा, वर साखरेचे थरावर थर, आपल्या जत्रेतल्या गोळ्यांची आठवण यावी अशा. गल्ल्या अरुंद, दगडी, आणि दुपारी बारा ते दोन सगळं बंद. सोमवारी तर बऱ्याच गावांत पावही मिळत नाही. पाणी संपलं तर गावाबाहेरची दफनभूमी शोधा, तिथे बहुतेक नळ असतो. पाणी पिण्याचं नाही अशी पाटी नाही ना, तेवढं बघून बाटली भरा.

मोरवाँ हे ग्रॅनाइटचं पठार, 1970 पासून प्रादेशिक निसर्ग उद्यान. ओक आणि बीचच्या जंगलात सायकल चालवायला फार सुख आहे. डग्लस फरच्या लागवडीत मात्र सगळी झाडं सारखी, खाली काही उगवत नाही, आणि लाकूडतोडीच्या यंत्रांनी वाटेत खोल चाकोऱ्या पाडलेल्या. ओल्या दिवशी तो भाग डांबरी रस्त्याने टाळा. सप्टेंबरात शिकारीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा भडक रंगाचं जॅकेट घाला.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी आहोत हे दोनदा कळवूनही मुक्कामाच्या घरी रोज ऑम्लेट, नाहीतर पानांवर बकरीचं चीज. घरमालकिणी प्रेमाने करायच्या, त्यांचा दोष नाही. कंपनीने निरोपच पुढे दिला नव्हता. एका संध्याकाळी बॅग अंधार पडल्यावर आली, आणि फोन लावला तर फक्त फ्रेंच रेकॉर्डिंग. एवढे पैसे घेतल्यावर संध्याकाळी फोनवर माणूस असायलाच हवा. आमच्या शेडवरचे बेदाणे आणि घरचे शेंगदाण्याचे लाडू सोबत होते, दुपारचं त्यावरच निभावलं.

वेझलेच्या टेकडीवर बाराव्या शतकातलं मोठं चर्च आहे. तिथून स्पेनमधल्या सान्तियागोपर्यंत यात्रेकरू अजून पायी निघतात, काठी आणि पाठीवर पिशवी घेऊन. सायकली कंपनीचा माणूस तिथेच ताब्यात घेतो. जवळचं स्टेशन सेर्मिझेल, दहा किलोमीटरवर. तिथून पॅरिसच्या गाड्या कमी आहेत, त्यामुळे टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा.