रिमोट चावीचं कव्हर झिजलं: फक्त रबर, पूर्ण शेल की चावीवाला?

कोकणात गाडीच्या रिमोट चावीच्या बटणांचं रबर फाटलं की ते नुसतं दिसायला वाईट राहत नाही. खारा वारा आणि पावसाळ्यातली ओल त्या फटीतून थेट सर्किटवर जाते आणि तांब्यावर हिरवट थर चढतो.

फाटक्या रबरावर सिलिकॉनचं कव्हर चढवणं सगळ्यांत स्वस्त, पण किनाऱ्यावर सगळ्यांत वाईट. आत गेलेली ओल मग सुकतच नाही.

बॉडी शाबूत असेल, कडी अडकवायचा कान तुटलेला नसेल आणि दोन्ही भाग घट्ट मिटत असतील, तर फक्त रबर बदला. चावीच्या धातूच्या पात्याला हातही लागत नाही. नेमकं रबर सुटं मिळालं नाही तर पूर्ण शेल, म्हणजे चावीचं बाहेरचं प्लॅस्टिकचं खोकं, आणून त्यातलं रबर तेवढं घ्या.

कान तुटला किंवा सांधा उघडू लागला की पूर्ण शेलच हवा. तो काही शे रुपयांत येतो, आणि सर्किट-चिप जुनीच राहत असल्याने प्रोग्रॅमिंग लागत नाही. मागवण्याआधी जुनी चावी उघडून बटणांची जागा, पात्याची बैठक आणि सेल जुळवा. सीआर२०३२ हा २० मिमी रुंद, ३.२ मिमी जाड. सीआर१६२० हा १६ आणि २ मिमी. 'सगळ्या मॉडेलला चालतो' म्हणणाऱ्या शेलवर विश्वास नको.

खरी गोम इमोबिलायझरच्या, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, चिपची. काही चाव्यांत ती सर्किटवरच असते, पण बऱ्याच चाव्यांत वेगळी, काळ्या तुकड्यासारखी किंवा बारीक काचेच्या नळीसारखी, शेलच्या खाचेत चिकटवलेली. तिला सेल लागत नाही, त्यामुळे विसरली तरी दारं उघडतात; इंजिन मात्र सुरू होत नाही. हेअर ड्रायरने गोंद मऊ करून काढा, टोकदार काहीही खुपसू नका. गाडी सुरू होईपर्यंत जुना शेल टाकू नका.

फ्लिप चावीत, म्हणजे पातं घडी होऊन आत जाणाऱ्या चावीत, पातं पोकळ पिनेने अडकवलेलं असतं. पिनेहून किंचित बारीक, सरळ पंचने ती ठोका. खिळा वापरलात तर त्याची निमुळती बाजू भोक रुंदावते आणि पातं कायम डुगडुगतं. स्प्रिंगला आधी एक-दोन वेढ्यांचा ताण द्यावा लागतो. कमी पडला तर पातं अर्ध्यावर थांबतं, जास्त झाला तर प्लॅस्टिकचा खुंट मोडतो.

सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा, पंख्याखाली पूर्ण सुकवा, मगच मिटवा.

पातं डोक्यातच ओतलेलं असेल तर घरी हात घालू नका. नवं पातं कोरं येतं, ते कापायला चावीवालाच हवा. त्याला झिजलेली चावी नव्हे, कमी वापरलेली दुसरी चावी नमुना म्हणून द्या. झीजही जशीच्या तशी उतरते. तो जुनी चिप नव्या चावीत बसवत असताना समोर उभे राहा.

नवा सेल घालून, सर्किट पुसूनही रिमोट मुका राहिला तर शेल बदलून उपयोग नाही. मग सर्व्हिस सेंटर, आणि खर्च बहुधा हजारांत. आरसी, ओळखपत्र आणि घरातली दुसरी चावीही सोबत न्या: काही गाड्यांत नवी चावी नोंदवताना हजर नसलेल्या चाव्या सिस्टीममधून पुसल्या जातात.