फियाट डिलाइटच्या रिस्टोरेशनमध्ये गेलेले ४,९५,५०० रुपये: गॅरेजला गाडी देणाऱ्यांनी आधी हे वाचा

पावसाळ्याच्या तिसऱ्या आठवड्यात डाव्या दाराखालच्या सिलवर, म्हणजे बॉडीच्या खालच्या पट्टीवर, रंगाला फुगा आला. स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला आणि टोक आत गेलं. पुटीचा जो तुकडा निघाला तो व्हर्नियरने मोजला तर ९ मिलिमीटर जाड. मागे पत्राच नाही. बारीक जाळी, जाळीला एम-सीलचे गोळे आणि आत कोंबलेलं वर्तमानपत्र. वर्तमानपत्रावर तारीख १४ सप्टेंबर २०२४. गाडी फेब्रुवारी २०२४ पासून त्याच गॅरेजमध्ये उभी होती, त्यामुळे 'हे आधीच्या मालकाचं काम असेल' हे गॅरेजवाल्याचं नंतरचं उत्तर सपशेल खोटं आहे.

गाडी १९६९ ची फियाट ११०० डिलाइट, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. १०८९ सीसी, हँडगिअर, पुढे अखंड सीट. कामाचा आकडा ठरला ४,८५,००० रुपये आणि मुदत सात महिने. गाडी मिळाली अकराव्या महिन्यात, जानेवारी २०२५ मध्ये, आणि माझ्याकडून गेले ४,९५,५०० रुपये. ठरल्यापेक्षा १०,५०० जास्त.

पैसे असे गेले. गाडी देताना १,५०,००० रोख. मे महिन्यात फ्लोअर आणि सिलसाठी ९०,०००. जुलैत इंजिनाला १,१०,०००. सप्टेंबरात क्रोमला ४८,०००. नोव्हेंबरात रंगाला ७५,०००. डिसेंबरात रबर किट आणि वायरिंगला २२,५००. रोख दिलेल्या दीड लाखाची पावती नाही. बाकी ३,४५,५०० यूपीआयने गेले, तेही दोन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांवर. जीएसटीचं बिल मागितलं की 'साहेब, शेवटी सगळं एकत्रच देतो' हे ठरलेलं उत्तर. टप्प्याटप्प्याने पैसे उकळायची ही पद्धत आपल्या सगळ्यांना माहीत आहे, मलाही होती. पण गाडी एकदा नटबोल्टपर्यंत खोलली की ती तिथून उचलायची कशी? दारं एकीकडे, इंजिन दुसरीकडे, काचा तिसऱ्याच शेडमध्ये. गाडी खोललेली असणं हीच त्याच्या हातातली खरी दोरी असते. म्हणून पुढचा हप्ता देण्याआधी मागचं काम डोळ्यांनी बघायचं, फोटोवर नाही.

आता त्या फोटोबद्दल. ११ जूनला व्हॉट्सॲपवर 'तुमच्या गाडीचा नवा फ्लोअर' म्हणून फोटो आला. रेडऑक्साइड मारलेला, देखणा. मी तो मोठा करून पाहिला होता. मधल्या टनेलवर, म्हणजे फ्लोअरच्या मधल्या लांब उंचवट्यावर, एक गोल भोक होतं, त्यावर कागदी टेप चिकटवलेली. डिलाइटला टनेलवर गिअरचं भोक नसतं! गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असतो आणि त्याच्या सळ्या पुढून, बॉनेटच्या बाजूने गिअरबॉक्सकडे जातात. खाली गिअर आला तो याच गाडीच्या पुढच्या अवताराच्या, पद्मिनीच्या, अगदी शेवटच्या मॉडेलांमध्ये. म्हणजे तो फोटो माझ्या गाडीचा असणं शक्यच नव्हतं. मी विचारलं. त्याचा आवाजी मेसेज आला, 'साहेब, वायरिंगसाठी पाडलंय, नंतर बुजवतो.' मागच्या दिव्यांची वायरिंग कडेने, सिलच्या आतून जाते हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी 'ओके' लिहिलं. तेव्हा फक्त २,४०,००० गेले होते. तिथे थांबलो असतो तर अर्ध्याहून जास्त रक्कम वाचली असती, आणि इंजिनही वाचलं असतं. त्या एका 'ओके'चा राग अजून जात नाही.

आणखी एक गोष्ट त्याच फोटोत होती. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. सिल आणि फ्लोअर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून ती जखडावी लागते, नाहीतर बॉडी मधे बसते आणि पुढे दारं जन्मात नीट लागत नाहीत. फोटोत एकही पाइप नव्हता. फ्लोअर खरोखर बदलणारा डेंटर तुम्हाला आधी पाइप दाखवतो, मग पत्रा कापतो.

रॅम्पवर घेतल्यावर खरं चित्र दिसलं. जुना सडका फ्लोअर जसाच्या तसा, त्यावर पत्र्याचे तुकडे पॉप रिव्हेटने ठोकलेले आणि वरून जाड काळा अंडरकोट. १८ किंवा २० गेजचा सीआर पत्रा, सडका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढणं, मिग वेल्डिंग, सांध्यांना सीलर, झिंक प्रायमर, आणि मग अंडरकोट, असं काम ठरलं होतं. झालं फक्त शेवटचं. अंडरकोट मारण्याआधी गाडी बघितली नसेल तर त्याचे पैसे देऊ नका. त्याच्याखाली काहीही लपतं.

डिलिव्हरीच्या वेळी मी तपासलं नाही असं नाही. लोहचुंबक फिरवलं होतं. पण मी नुसतं चुंबक लावलं, आणि मागे लोखंडी जाळी होती, म्हणून ते थोडंफार ओढलं जात होतं. चुंबक पातळ कापडात गुंडाळून लावायचं आणि ओढ सगळीकडे सारखी आहे का ते हाताने जोखायचं. दाराच्या वरच्या भागाशी सिलची तुलना करायची. त्याहून बरं म्हणजे रंगाची जाडी मोजणारं मीटर. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो, पुन्हा रंगवलेल्या गाडीला ३०० पर्यंत समजू शकतो. हजाराच्या पुढे आकडा गेला की खाली पुटी आहे. माझ्या सिलवर मीटरने आकडा दाखवलाच नाही, त्याच्या मापापलीकडची जाडी होती.

इंजिनाचं दुखणं सगळ्यात मोठं. 'बोअर केलं, चारही पिस्टन नवे, हेड फेस केलं', म्हणजे झिजलेले सिलेंडर कापून मोठे केले, असं सांगून १,१०,००० घेतले. पहिले दोन आठवडे इंजिन मऊ चाललं, धूर नाही. ऑइल बदलायला घेतलं तेव्हा ते मधासारखं ओघळत होतं. २०डब्ल्यू-५० असं ओघळत नाही. आत गिअरबॉक्सचं जाड ऑइल होतं. त्याने आवाज आणि धूर थोडे दिवस दबतात, आणि थंड इंजिन सुरू करताना बेअरिंगला ऑइल वेळेवर पोहोचत नाही. साधं ऑइल घातल्यावर सायलेन्सरमधून निळा धूर. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधला दाब, मोजलं: ११०, १०८, ७२, १०५. तिसऱ्या सिलेंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं तर ७२ चे ९८ झाले. ऑइलने कॉम्प्रेशन वाढलं म्हणजे दोष रिंग आणि बोअरचा, व्हॉल्व्हचा नाही. नव्या बोअरच्या इंजिनात असं होऊच शकत नाही. हेड उघडलं. मूळ मापाचे, ६८ मिलिमीटरचे जुनेच पिस्टन, डोक्यावर ओव्हरसाइजचा, म्हणजे बोअरनंतरच्या मोठ्या मापाचा, शिक्का नाही, कार्बनचा थर शाबूत. कॉम्प्रेशन गेज हजार-दीड हजारात मिळतो आणि चारही सिलेंडरला मिळून वीस मिनिटं लागतात. शेवटचा हप्ता देण्याआधी गॅरेजवाल्यासमोर मोजा.

आणि हे इंजिन माझं नाहीच. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पितळेचा एक बूच होता, गॅसकिटसाठी पाडलेलं भोक बुजवलेलं. व्हॉल्व्हच्या सीट आत बसलेल्या. माझी गाडी कधी गॅसवर चाललेली नाही. मुंबईतल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरल्या, आणि अशी झिजलेली इंजिनं भंगारात स्वस्तात मिळतात. १०८९ सीसीचं ते इंजिन डिलाइटमध्ये सरळ बसतं. आरसीशी नंबर जुळणारं माझं इंजिन त्याने काढून विकलं, हे माझं ठाम मत आहे.

नंबर डिलिव्हरीच्या दिवशीच का पाहिला नाही, असं सगळे विचारतात. ब्लॉकवर ताजा रंग होता आणि नंबरच्या जागेवर तर इतका जाड की अक्षरं भरून गेली होती. 'गरम झाला की बसेल साहेब' म्हणाला. तीन महिन्यांनी विंटेज नोंदणीची तयारी करताना थिनरने तो पुसला तेव्हा कळलं. तुम्ही गाडी देण्याआधीच चासी आणि इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या, त्यावर गॅरेजवाल्याची सही आणि तारीख घ्या. जुना कार्ब्युरेटर, डायनामो, मीटर, हबकॅप, बंपरचे ओव्हररायडर, स्टिअरिंगवरची हॉर्नची रिंग, प्रत्येकावर आतल्या बाजूने पंचने बारीक ठिपका मारा आणि फोटो काढा. माझे ओव्हररायडर आणि हॉर्नची रिंगही बदललेली निघाली. प्रदर्शनात परीक्षक मार्क कापतात ते नेमके याच वस्तूंवर, आणि बाजारात किंमतही यांनाच असते.

क्रोमचं थोडक्यात सांगतो. आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम असं ठरलं होतं. त्याने जुन्यावरच पॉलिश करून क्रोमचा हात फिरवला. ऑगस्टमध्ये बंपरभर तपकिरी ठिपके. प्लेटिंगवाल्याचं वेगळं बिल मागा, आणि बंपर उलटून मागची बाजू बघा.

रंग पीयू (पॉलियुरेथेन) सांगितला, मारला साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज). डिकीच्या झाकणाच्या आत, न दिसणाऱ्या जागी, थिनरमध्ये बुडवलेला कापूस घासून बघा. एनसी विरघळून कापसाला लागतो. पुरता वाळलेला पीयू लागत नाही. ही अर्ध्या मिनिटाची परीक्षा मी ७५,००० देऊन झाल्यावर केली.

आता पोलीस. माझ्या घराजवळच्या ठाण्यात सांगितलं, गॅरेज आमच्या हद्दीत नाही. गॅरेजच्या हद्दीत गेलो तर तिथे म्हणाले, तुम्ही राहता तिथे जा, पैसे तिथून गेलेत. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचा प्रश्न नंतरचा, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय. ते दाखवल्यावर उत्तर मिळालं, 'हा दिवाणी मामला आहे, काम आवडलं नाही म्हणून गुन्हा होत नाही.' काम आवडलं नाही? इंजिन बदललंय! विश्वासाने दिलेली वस्तू परस्पर विकणं याला भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ आहे, फसवणुकीला ३१८ आहे. मी पुटीचा तुकडा, तारखेसकट वर्तमानपत्र, नंबरचे फोटो, सगळं पिशवीत घेऊन गेलो होतो. पिशवी उघडून पाहिलीही नाही. चार फेऱ्यांनंतर साधा अर्ज घेतला, पोच द्यायला पाचवी फेरी. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन केला तर म्हणाले, हा सायबर गुन्हा नाही. वरिष्ठांकडे पोस्टाने लेखी तक्रार पाठवली, तिचंही उत्तर नाही. पुढचा रस्ता दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याचा, तो वकील लावून चालू आहे. तुम्ही पहिल्या दिवसापासून प्रत्येक अर्जाची शिक्क्याची पोच घ्या, तोंडी बोलण्याला तिथे काही किंमत नाही.

आरटीओत वेगळाच त्रास. जुलै २०२१ मध्ये नियम आले त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. माझी गाडी वयात बसते. पण इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही, आणि इंजिन बदलल्याची नोंद करायची तर या इंजिनाचं बिल आणा म्हणतात. चोरट्या मार्गाने बसवलेल्या इंजिनाचं बिल मी कुठून आणू? पोलिसांत गुन्हा नोंदला असता तर ती प्रत दाखवता आली असती. पोलीस गुन्हा घेत नाहीत, म्हणून आरटीओ कागद घेत नाही. गाडी शेडमध्ये उभी आहे.

याच कामासाठी आरटीओबाहेर एकाने '१९८६ च्या पद्मिनीलाही विंटेज करून देतो, पंधरा हजार' असं मला सांगितलं. ५० वर्षांखालच्या गाडीला ते मिळत नाही. फिवा ही आंतरराष्ट्रीय संघटना ३० वर्षांपुढची गाडी ऐतिहासिक मानते, एजंट तोच आकडा पुढे करून लोकांना गंडवतात. आपल्याकडे कायद्याने ५०.

ग्राहक आयोगात तक्रार मात्र दाखल झाली. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. दोन वर्षांची मुदत आहे, वाट बघत बसू नका. माझं दुखणं रोख दिलेल्या दीड लाखाचं. ते सिद्ध करायला फक्त एक आवाजी मेसेज आहे, 'दीड पोचले साहेब.' तो मी तीन ठिकाणी साठवून ठेवलाय. असे मेसेज खोडू नका. आणि कारागीर बोलावून चिरफाड करण्याआधी तज्ज्ञाकडून तपासणीचा लेखी अहवाल आणि व्हिडिओ करून घ्या. मी सिल आधी उकरली, त्यामुळे आता समोरचा म्हणतो की तो कागद मीच कोंबला.

दुसऱ्या एका डेंटरने आणि इंजिनवाल्याने मिळून दुरुस्तीचा अंदाज दिलाय २,७५,००० रुपये, क्रोम सोडून. तो खर्च आयोगाने तपासणी करून घेतल्याशिवाय करता येत नाही, पुरावा जाईल.

तोवर एक विनंती. १९६९ च्या डिलाइटचं, गॅसवर कधीही न चाललेलं, मूळ कार्ब्युरेटरसकट इंजिन कुणाला पुणे-मुंबईच्या बाजारात कागदांशिवाय दाखवलं गेलं, तर विकत घेण्याआधी विकणाऱ्याकडे ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत मागा. कार्ब्युरेटर उतरवून खालची फ्लँज बघा. डाव्या बोल्टजवळ कानसेने घासलेली अर्ध्या इंचाची तिरपी खूण असेल, तर ते इंजिन माझं आहे.