टनेलला पत्ता न देता आठ महिने

गड्ड्याची यात्रा संपली त्या आठवड्यात मी आमच्या सोलापूरच्या टॉवेल कारखान्याच्या राउटरांवरचे सगळे /३० (दर टनेलला दिलेले चार-चार आयपी पत्त्यांचे गट, त्यातले दोनच कामाचे) काढून टाकले. त्याला आता आठ महिने झाले.

आमची सहा ठिकाणं आहेत: अक्कलकोट रोड एमआयडीसीत तीन शेड, चिंचोळीला गोदाम, होटगी रोडला ऑफिस, नवी पेठेत दुकान. सिस्कोचे जुने राउटर, मध्ये आयपीसेक लावलेले जीआरई टनेल, म्हणजे इंटरनेटवरून दोन राउटर जोडणारे कुलूपबंद आभासी दुवे. प्रत्येकाचा प्रत्येकाशी दुवा म्हणजे १५ टनेल. दर टनेलला /३० द्यायचं तर ६० पत्ते अडकतात आणि वापरात येतात ३०. पण खरं सांगू का, पत्ते वाचवायला मी हे केलंच नाही. १० ने सुरू होणारे खासगी पत्ते एक कोटी सदुसष्ट लाखांच्या घरात आहेत, आपल्याला कुठे कमी पडतात! मी वैतागलो होतो कुठला पत्ता कुठे दिला ते लिहायच्या एक्सेलला. एकच /३० दोन वेगळ्या जोड्यांना दिला गेला होता आणि चूक सापडायला दोन दिवस गेले. राउटर स्वतःपुरतं बघतो, दुसऱ्या गावचं त्याला काय माहीत? /३१, म्हणजे दोनच पत्त्यांचा गट, घेतलं तरी एक्सेल काही सुटत नाही.

आता प्रत्येक राउटरला एक लूपबॅक (राउटरच्या आतला काल्पनिक पोर्ट), त्यावर एक /३२, म्हणजे एकच पत्ता, आणि सेटिंगमध्ये प्रत्येक टनेलखाली एकच ओळ: आयपी अननंबर्ड लूपबॅक झीरो, म्हणजे पत्ता लूपबॅकचा उसना घे. राउटर एकमेकांना वाटा कळवतात त्या ओएसपीएफ प्रोटोकॉलला याचं वावडं नाही. पत्ता नसलेल्या दुव्यासाठी तो आपल्या नोंदीत पत्त्याच्या जागी इंटरफेसचा क्रमांक लिहितो. त्याच्या १९९८ च्या मानकात, आरएफसी २३२८ मध्येच ती सोय आहे. स्टॅटिक राउट, म्हणजे वाट हातानं, लिहिताना पुढचा पत्ता न देता टनेलचं नाव द्यायचं, झालं.

पहिल्या महिन्यात मात्र शहाणपणा नडला. लूपबॅक कशाला, लॅन पोर्टचाच (शेडमधल्या नेटवर्कच्या पोर्टचाच) पत्ता उसना घेऊ म्हटलं. एका शेडमध्ये वायरमननं स्विचची पिन काढली, लॅन पोर्ट पडला, पत्ता गेला. इंटरनेट चालू, राउटर चालू, पण मला दुरून आत शिरता येईना. भर दुपारी गाडी काढून गेलो तर पिन खाली लोंबकळत होती. लूपबॅक आपण होऊन कधी पडत नाही, म्हणून उसनवारी त्याच्याकडेच करावी.

दुसरा त्रास टनेलांवर नजर ठेवायच्या आलेखांचा. आधी टनेलचा पत्ता पिंग करून अलार्म लावले होते. पत्ताच नाही म्हटल्यावर एसएनएमपीवर आलो, म्हणजे राउटरलाच इंटरफेसच्या क्रमांकानुसार ट्रॅफिक विचारायचा. एकदा लाइट गेली, राउटर परत उठला आणि इंटरफेसचे क्रमांक बदलले. नवी पेठेच्या नावाखाली गोदामाचा ट्रॅफिक दिसायला लागला! मालकांनी विचारलं, 'दुकानात रात्री दोन वाजता कोण बसतंय?' एसएनएमपी-सर्व्हर आयएफइंडेक्स परसिस्ट ही क्रमांक कायम ठेवणारी ओळ टाकल्यापासून ते थांबलं.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. चिंचोळीला मे महिन्यात दुसरी इंटरनेट लाइन घेतली, म्हणजे ऑफिस ते गोदाम दोन टनेल. ट्रेसराउट (वाटेतले राउटर दाखवणारी आज्ञा) केलं की दोन्हीकडून उत्तर त्याच लूपबॅकच्या नावानं येतं. डेटाचं पाकीट कोणत्या लाइननं गेलं ते कळत नाही, आणि लाइनवाल्याशी भांडायचं तर तेवढाच पुरावा लागतो. शेवटी त्या दोन टनेलांना परत /३१ दिले. बाकी १४ अजून बिनपत्त्याचेच आहेत.