कुत्र्याचं पिल्लू घरात कोंडावं की कडेवर घेऊन फिरावं?

लातुरात पिल्लू आणलं की घरातली जाणती मंडळी म्हणतात, लसी होईस्तोवर उंबरा ओलांडू देऊ नका. भीती खरीच आहे. पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. पण लसी संपेपर्यंत साधारण 16 आठवडे होतात, आणि नवं काही सहज स्वीकारण्याचं वय 3 ते 14 आठवड्यांचं. कोंडलेलं पिल्लू पुढं ट्रॅक्टर दिसला की पलंगाखाली.

मी तरी कडेवर घेऊन फिरेन. गंजगोलाईच्या बाजारातल्या गर्दीत घुसायचं नाही, लांब उभं राहायचं. हातगाडी खडखडली, कान मागं पडले, शेपूट आत गेली, की चार पावलं मागं. उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या; खाल्ला, तर तिथंच थांबा. जमिनीवर मात्र टेकवू नका. पोळ्याच्या वाजंत्रीत नेणं तर नकोच. तिथं बैलसुद्धा बुजतात.