तेलुगू कथा इंग्रजीतून वाचायची, तर सुरुवात कोणत्या पुस्तकापासून?

तेलुगू लिपी येत नाही, इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येतं आणि शेजारच्या भाषेतली कथा एकदा नीट वाचायची आहे, अशा मराठी वाचकासाठी हे लिहितो आहे. एकच पुस्तक घ्यायचं तर कोणतं, असं विचारलं की बहुतेक जण निवडक कथांचा जाडजूड संग्रह सुचवतात. मला तो सल्ला पटत नाही.

असा संग्रह वाईट असतो असं नाही. दासु कृष्णमूर्ती आणि ताम्रपर्णी दासु या बाप-लेकीने निवडून भाषांतरित केलेला ‘द ग्रेटेस्ट तेलुगू स्टोरीज एव्हर टोल्ड’ (२०२२) हा आजचा हाताशी असलेला संग्रह. त्याआधी रंगा राव यांनी पेंग्विनसाठी ‘क्लासिक तेलुगू शॉर्ट स्टोरीज’ (१९९५) केला होता. एका पुस्तकात शंभर वर्षांचा पल्ला दिसतो, हा अशा संग्रहांचा मोठा फायदा. तेलुगूत तो पल्ला खरोखर मोठा आहे. गुरजाड अप्पारावांच्या १९१० मधल्या ‘दिद्दुबाटु’ला पहिली आधुनिक कथा मानायची पद्धत होती. कलावंतिणींच्या नादाला लागलेला नवरा रात्री उशिरा घरी येतो, तर बायको नाही, फक्त चिठ्ठी, अशी ती कथा. पण भंडारू अच्चमांबा यांची ‘धनत्रयोदशी’ १९०२ मधली आहे आणि आता अनेक अभ्यासक पहिलेपणाचा मान तिला देतात. अच्चमांबांचे भाऊ कोमर्राजू वेंकट लक्ष्मणराव नागपुरात शिकले, त्यांना मराठी उत्तम येत असे. तेलुगू कथेच्या उगमाशी विदर्भाचा असा धागा आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. पुढे पालगुम्मी पद्मराजूंच्या ‘गालिवाना’ला १९५२ मध्ये न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यूनच्या जागतिक कथास्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं. आखीव शिस्तीत जगणारे रावगारू, वादळाची रात्र, रेल्वे स्टेशन आणि एक भिकारीण, एवढ्याच ऐवजावर ती कथा उभी आहे.

माझी अडचण वेगळी आहे. श्रीकाकुळम-विजयनगरमकडची बोली, तेलंगणाची बोली, रायलसीमेची बोली या एकमेकींपासून लांब आहेत, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या तेलुगू कथेचं निम्मं बळ या बोलींत आहे. सगळ्या लेखकांना एकाच भाषांतरकाराचं इंग्रजी मिळालं की सगळी माणसं सारखीच बोलू लागतात. वऱ्हाडी, मालवणी आणि माणदेशी कथा कुणी एकाच प्रमाण भाषेत लिहून काढल्या तर काय उरेल, याचा विचार करा. दहा लेखक वाचून एकही लक्षात राहिला नाही, असं होऊ शकतं. म्हणून मी म्हणेन, आधी एक लेखक धरा.

तिथे खरी निवड दोन पुस्तकांत आहे. एक, चासोंचं ‘अ डॉल्स वेडिंग अँड अदर स्टोरीज’ (२०१२). चासो म्हणजे चागंटी सोमयाजुलू, विजयनगरमचे, गुरजाडांच्याच गावचे. भाषांतर वेल्चेरु नारायण राव आणि डेव्हिड शुलमन यांचं. या दोघांनी जुनं तेलुगू काव्य मोठ्या प्रमाणावर इंग्रजीत आणलं आहे. चासोंची कथा छोटी, कोरडी, एकही शब्द जास्त नाही. त्यांच्या ‘एम्पु’त भिकाऱ्याच्या मुलीचं मन एका लंगड्यावर असतं आणि बाप तिला आंधळा नवरा कर म्हणून पटवतो, कारण आंधळ्याला भीक जास्त मिळते. दुष्टपणा कुणाच्याच मनात नाही, फक्त हिशेब आहे, आणि तो चुकीचाही नाही. ‘वायुलीनम्’मध्ये बायकोच्या आजारपणात घरातलं व्हायोलिन विकलं जातं. असं अलिप्त गद्य इंग्रजीत चांगलं टिकतं. तेलुगू कथेची कारागिरी बघायची असेल तर हेच घ्या.

दुसरं, गोगु श्यामला यांचं ‘फादर मे बी अॅन एलिफंट अँड मदर ओन्ली अ स्मॉल बास्केट, बट…’, नवयान प्रकाशनाने २०१२ मध्येच काढलेलं. तेलंगणातल्या खेड्यांतलं मादिगा या दलित जातीच्या वाड्यांचं जग. माझं मत विचाराल तर पहिलं पुस्तक हेच. यात भाषांतरकार एक नसून अनेक आहेत, त्यामुळे इंग्रजीचा पोत कथेगणिक बदलतो आणि काही ठिकाणी खडबडीतपणा जाणवतो. तो मला चालतो. ‘रॉ वूंड’मध्ये गावचा जमीनदार मुलीला जोगिणी करायला निघतो आणि बाप तिला शिकायला वसतिगृहात नेऊन सोडतो. ज्याने दलित आत्मकथनं वाचली आहेत आणि देवदासी-मुरळीचा प्रश्न ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला इथे प्रस्तावनेची गरज लागत नाही. पण ओळखीच्या दुःखाच्या पलीकडेही या पुस्तकात खूप आहे: पाणी, म्हशी, शेतातली कामं, पोरांचे खेळ, स्वतःच्या अंगबळावर विश्वास असलेल्या मुली. सोलापुरातल्या पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात, पण शिक्षण मराठीत झाल्यामुळे अनेकांना ती लिपी वाचता येत नाही. अशा वाचकाला इंग्रजीआडची घरची बोली ऐकू येईल, असं मला वाटतं.

वोल्गा यांचं ‘द लिबरेशन ऑफ सीता’ (२०१६) वाचायला सगळ्यांत सोपं. मूळ ‘विमुक्त’ला २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. सीता एकेका कथेत शूर्पणखा, अहल्या, रेणुका, ऊर्मिला यांना भेटते. भाषांतर टी. विजय कुमार आणि सी. विजयश्री यांचं, स्वच्छ आणि वाहतं. इंग्रजी वाचायची फार सवय नसेल किंवा कुणाला भेट द्यायची असेल, तर बिनधास्त हे घ्या. मात्र तेलुगू खेडं, गल्ली, बाजार यात नाही. विचार पात्रांच्या पुढे चालतो, आणि मला कथेत त्याची उलट बाजू जास्त आवडते.

मुलांसोबत वाचायचं असेल तर मोहम्मद खदीर बाबूंच्या कावली गावच्या कथा डी. व्ही. सुभाश्री यांनी इंग्रजीत आणल्या आहेत, त्या बघा. पैसे न खर्चता चव घ्यायची असेल तर निडदवोलु मालती यांचं ‘तूलिका’ हे संकेतस्थळ २००१ पासून आहे, तिथे स्त्री-लेखिका विशेष भेटतील.

आणि लिपी शिकायची तयारी असेल, तर कालीपट्नम रामारावांनी १९९७ मध्ये श्रीकाकुळमला फक्त कथांसाठी उभं केलेलं ‘कथानिलयम्’ हे ग्रंथालय आहे. त्याचा मोठा साठा आता इंटरनेटवरही वाचता येतो. श्यामला आणि चासो वाचून झाल्यावर निवडक संग्रह जरूर घ्या. तेव्हा त्यातली कुठली कथा मुळातून वाचायची, हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.